टॅब्लॉइड (सनसनाटी बातम्या देणाऱ्या स्वस्त) पेपरमुळे वाचकांची मतं आणि खर्च खरंच बदलतो का, की लोक आपल्याला पटेल तोच पेपर घेतात?

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग बराचसा खरा आहे, लोक आपल्याला पटेल तोच पेपर घेतात, आणि म्हणूनच हे मोजणं अवघड जातं, कारण पेपर आणि वाचक आधीपासून एकाच बाजूला असले तर कोणी कोणाला ओढलं हे कळणार कसं? पण ब्रिटनमध्ये निदान दोनदा अशी वेळ आली की हे वेगळं काढून बघता आलं, आणि दोन्ही वेळा उत्तर 'हो, बदलतं' असंच निघालं.

पहिली वेळ १९९७ ची. 'द सन' हा टॅब्लॉइड पेपर त्याआधी कितीतरी वर्षं कॉन्झर्वेटिव्ह पक्षाच्या बाजूने होता, १९९२ ची निवडणूक तर आपणच जिंकून दिली असं त्यांनी पहिल्या पानावर छापलं होतं. मग १८ मार्च १९९७ ला, निवडणूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी विरोधी लेबर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांना पाठिंबा दिला. आणखीही काही पेपर लेबरकडे गेले. वाचकाने पेपर बदललेला नाही, पेपरनेच बाजू बदलली, म्हणजे तुमच्या शंकेची परीक्षाच. लॅड आणि लेन्झ या अभ्यासकांनी हे पेपर वाचणारे आणि बाकी बाबतीत त्यांच्यासारखेच पण हे पेपर न वाचणारे लोक ताडून पाहिले, तर या पेपरांनी आपल्या १० ते २५ टक्के वाचकांना लेबरकडे वळवलं असा अंदाज निघाला (आकडा हिशोबाच्या पद्धतीप्रमाणे बदलतो). लेबर तसंही जिंकणारच होतं, पण तुमचा प्रश्न वाचकांबद्दल आहे, निकालाबद्दल नाही.

दुसरी गोष्ट लिव्हरपूलची, आणि ती वाचताना मला आजही राग येतो. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली, त्यात लिव्हरपूल संघाचे एकूण ९७ चाहते गेले. चारच दिवसांनी 'द सन'ने 'सत्य' अशा भल्यामोठ्या मथळ्याखाली छापलं की चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, जीव वाचवणाऱ्या पोलिसाला मारलं. सगळं खोटं. लिव्हरपूल भागातल्या लोकांनी पेपरवर बहिष्कार टाकला आणि तो आजवर चालू आहे, कितीतरी दुकानांत तो ठेवतच नाहीत. आता बघा, पुढची कितीतरी वर्षं हा पेपर युरोपियन युनियनच्या विरोधात लिहीत राहिला आणि या भागातल्या लोकांपर्यंत ते फारसं पोचलंच नाही. फूस आणि बिशॉफ यांच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं की बहिष्कारामुळे तिथला युरोपविरोध कमी झाला. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की नाही यावरच्या २०१६ च्या मतदानात इंग्लंडने एकूण बाहेर पडायला कौल दिला, लिव्हरपूल शहरात मात्र ५८ टक्के मतं राहण्याच्या बाजूने पडली. त्यामागे दुसरी कारणंही आहेतच, शहर आधीपासून डाव्या विचारांचं आहे, पण पेपर नसण्याचा वाटा उरतोच.

माझ्या मते एका मथळ्याने कोणाचं मत फिरत नाही, तीच गोष्ट रोज थोडी थोडी कानावर पडली की फिरतं. आज एक किस्सा, उद्या एक व्यंगचित्र, परवा वाचकाचं पत्र, आणि वाचकाला वाटतं हे माझंच मत आहे.

आता खर्च. इथे टॅब्लॉइड उघडपणे काम करतात, कारण धंदाच तो आहे. १९८१ मध्ये 'द सन'ने बिंगो (आकडे जुळवण्याचा बक्षिसाचा खेळ) सुरू केला, बक्षिसाच्या आशेने लोक रोज पेपर घ्यायला लागले. नंतर त्यांची साडेनऊ पौंडांत सुट्टीची स्कीम आली, माणशी साडेनऊ, पण त्यासाठी पेपरात छापलेले टोकन कापून साठवावे लागत, म्हणजे बातम्यांत रस असो नसो बरेच दिवस पेपर घ्यायचाच, आणि स्वस्तात पोचलेलं कुटुंब तिथे गेल्यावर खाण्यापिण्यावर खर्च करतं तो वेगळाच!

यापेक्षा वाईट म्हणजे शेअरच्या टिप्स. 'डेली मिरर'मध्ये अशी एक कॉलम होती, ती लिहिणारे दोन पत्रकार आधी स्वतः शेअर घ्यायचे, मग पेपरात टिप द्यायचे, वाचक धावत खरेदी करायचे, भाव चढला की हे विकून मोकळे. २००० साली हे बाहेर आलं आणि २००५ मध्ये दोघं दोषी ठरले. वाचकांच्या खर्चावर परिणाम होतो का याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही, कारण त्यांचा सगळा बेतच वाचक सांगितलेलं ऐकणार यावर उभा होता.

पैसा उलटाही फिरतो बरं का. जुलै २०११ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या टॅब्लॉइडच्या लोकांनी खून झालेल्या शाळकरी मुलीचा व्हॉइसमेल चोरून ऐकल्याचं उघड झालं, वाचक भडकले, जाहिरातदारांना लोक जाब विचारू लागले, फोर्डसारख्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि १८४३ पासून चालू असलेला पेपर त्याच महिन्यात १० जुलैला बंद झाला.