खड्याचं नाव शेवटी लिही

प्रिय मुली,

परवा तू फोनवर रत्नपारखीच्या तीन मोफत कोर्सची प्रमाणपत्रं दाखवलीस आणि विचारलंस, "आता पुढचा कुठला करू?" दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे. महिनाभर नवा कोर्स घेऊ नकोस. त्या महिन्यात खडे बघ.

फुकट मिळालेलं ज्ञान हलकं असतं असं कुणी म्हणालं, तर मनावर घेऊ नकोस. आम्हाला एकेका पुस्तकासाठी मुंबई गाठावी लागायची. आज जीआयए या अमेरिकेतल्या रत्नशास्त्र संस्थेच्या 'जेम्स अँड जेमॉलॉजी' या त्रैमासिकाचे १९३४ पासूनचे अंक घरबसल्या वाचता येतात. त्यातले खड्यांच्या अंतरंगाचे फोटो रोज दोन-चार तरी बघत जा.

आकडे तुझे पाठ आहेत, याचं मला कौतुक आहे. माणकाचा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, १.७६२ ते १.७७०; स्पिनेलचा, म्हणजे माणकासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खनिजाचा, १.७१८ च्या आसपास. हा आकडा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरनं १.७१८ दाखवलं की लाल खडा माणिक नव्हे, हे तिथेच कळतं. ब्रिटिश राजमुकुटातलं ते प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक'सुद्धा स्पिनेलच आहे. पण खाणीतलं माणिक आणि कारखान्यात घडवलेलं माणिक यांचा आकडा एकच येतो, कारण दोन्ही कोरंडम या एकाच खनिजाचे. तिथे भिंग लावून आत पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्याच वर्षी एक आजी सासूबाईंची अंगठी घेऊन आल्या. आकडा बरोबर, रंग सुरेख, आत डाग नाही. मी "अस्सल आहे" म्हणून सांगून टाकलं. आठवड्यानं त्या परत आल्या. दुसऱ्या पेढीवर कुणी शंका काढली होती. या वेळी दिव्यापुढे पांढरा कागद धरून मी खडा सावकाश फिरवला, तेव्हा आत बारीक वक्र रेषा दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. फ्रान्सच्या व्हर्नयनं १९०२ मध्ये जगापुढे आणलेल्या, भुकटी ज्योतीत वितळवून खडा घडवण्याच्या पद्धतीनं तयार झालेला खडा होता तो. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ जातात, कोनात वळतात. अशा गोलाईत कधी नसतात. अंगठी जुनी म्हणून खडा खाणीतला, असं धरून चालत नाही. त्या आजींचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

भिंग १० पटीचंच घे. स्वस्तातल्या भिंगांवर ३० पट छापलेलं असतं, त्याला भुलू नकोस. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकव, चिमट्यातला खडा त्याच्यापासून इंचभर अंतरावर आण, दोन्ही हात एकमेकांना टेकलेले, दोन्ही डोळे उघडे. आणि आधी खडा पुसून घे. धुळीचा कण आतला डाग वाटतो, हा नवशिक्यांचा ठरलेला घोटाळा.

महागडे खडे लागत नाहीत. आपलं पुणं काळ्या कातळावर वसलंय आणि त्याच्या पोकळ्यांत केवढं काय दडलंय! वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट आणि पाषाणचं हिरवं अपोफिलाइट ही खनिजं जगभरातल्या संग्राहकांकडे आहेत. दोन्ही दागिन्यासाठी फार मऊ, पण डोळा तयार करायला उत्तम. (चालू खाणीत एकटी मुळीच जाऊ नकोस.) कॅल्साइट या पारदर्शक खनिजाचा एखादा स्वच्छ तुकडा मिळव आणि वर्तमानपत्रावर ठेव. अक्षरं दुहेरी दिसतील. तो तुकडा कागदावरच फिरवत राहा: एक अक्षर जागेवर राहील, दुसरं त्याच्याभोवती फिरेल. हे एकदा डोळ्यांत बसलं, की मॉयसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कारखान्यातला खडा, तिरपं धरून बघ. पाठीमागच्या पैलूंच्या कडा जोडीनं दिसतील. हिऱ्यात असं होत नाही. उष्णतेवर चालणारा हिरा-टेस्टर मात्र मॉयसनाइटला हिरा म्हणून मोकळा होतो.

बाजारातली नावंही तपासून घे. पुष्कराज म्हणून पिवळा नीलम विकतात, कधी टोपाझ, कधी सिट्रिन म्हणजे पिवळा क्वार्ट्झ. लसण्या क्रिसोबेरिल या खनिजाचा असतो, तसा क्वार्ट्झचाही. गोमेद, म्हणजे हेसोनाइट, भिंगाखाली बघ: साखरेच्या पाकात पाणी ओतल्यावर उठतात तशा लहरी आत दिसतात.

एक वही कर. खड्याचं वजन, रंग, चमक, आत काय दिसलं, दिवा कुठे होता, हे सगळं आधी. नावाची जागा कोरी ठेव, शेवटी भर. आणि नात्यागोत्यातलं कुणी अंगठी पुढे करून "खरा आहे का गं?" असं विचारलं, तर सध्या प्रयोगशाळेचा रस्ता दाखव. त्या तीन प्रमाणपत्रांवर कुणाला शब्द देऊ नकोस.

पुढच्या रविवारी सकाळी ये, उन्हाचा उजेड चांगला असतो. पुडीत पाच लाल खडे काढून ठेवलेत, कशावरही चिठ्ठी नाही. वही घेऊन ये.

तुझा,
काका