गुण घसरले, म्हणजे सजगता घसरली का?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जळगावला आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याचा (माइंडफुलनेस), वर्ग केला. सुरुवातीला १५ विधानांचा एक फॉर्म भरून घेतला, तेव्हा माझी बेरीज ६९ आली. शेवटी तोच फॉर्म भरला तर ५८! गुण जास्त तेवढी सजगता जास्त, असं सांगितलं होतं. रोज पहाटे अर्धा तास नेमाने ध्यानाला बसते, तरी हे असं उलटं. पुढच्या महिन्यात पुन्हा फॉर्म आहे. या वेळी जरा सांभाळून उत्तरं देऊ का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, सांभाळून अजिबात देऊ नका. तुमचे ५८ मला ६९ पेक्षा खरे वाटतात.

वर्णनावरून हा ब्राउन आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला फॉर्म दिसतो. प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण. ‘जवळजवळ नेहमी’ला १, ‘जवळजवळ कधीच नाही’ला ६. त्यातली सगळीच विधानं लक्ष नसण्याबद्दलची आहेत. दुसऱ्याच विचारात असताना काही सांडणं, खातोय याचं भान नसताना खात राहणं. आता बघा, लक्ष कुठे गेलं होतं हे ज्याला कळलंच नाही, तो ‘क्वचित’वर खूण करून मोकळा होतो. हजेरी घेताना मन घरी गॅसवरच्या दुधापाशी जात असेल, तर ते पूर्वीही जातच असणार. आता ते गेलेलं तुम्हाला दिसतं. आठ आठवड्यांत मोजपट्टीच सरकली, आणि दोन्ही आकडे एकाच पट्टीचे समजून तुम्ही जिवाला लावून घेतलंत.

असं संशोधनातही दिसलं आहे. बेअर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासातून ३९ विधानांची एक प्रश्नावली तयार झाली. तिचा एक भाग निरीक्षणाचा आहे : शरीरात, आजूबाजूला काय चाललंय ते टिपणं. ध्यान न करणाऱ्यांमध्ये या भागाचे जास्त गुण मानसिक त्रासाच्या लक्षणांसोबत आढळले. ध्यान करणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. वाक्य तेच, पण वाचणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

मी भुसावळला समुपदेशन करते. यावलकडच्या केळीच्या बागेत राबणाऱ्या एका बाईंना मी असाच फॉर्म वाचून दाखवत होते. ‘बरेचदा’ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “कोणाच्या मानाने? सासूच्या की जावेच्या?” मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी नुसत्या बेरजेवरून कोणाबद्दल काही ठरवत नाही. शिवाय भाषांतराचा गुंता आहेच. ‘ध्यानात राहिलं नाही’ म्हणजे आपल्याकडे विसरलो. विधानात ‘ध्यान’ शब्द आला की माणूस स्मरणशक्तीचा हिशेब देतो. याच फॉर्ममध्ये नकळत गाडी चालवत कुठेतरी पोहोचण्याबद्दलचंही विधान आहे. तुम्ही शाळेत एसटीने जात असाल, तर तिथे काय लिहिणार?

फॉर्म टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. शंभर जणांना दहा मिनिटांत विचारता येतं, हा त्यांचा मोठा उपयोग. पण ते तुमचं स्वतःबद्दलचं मत नोंदवतात. लक्ष प्रत्यक्ष मोजत नाहीत. प्रत्यक्षाच्या जवळ जाणारी एक रीत २०१४ मध्ये संशोधकांनी वापरली. श्वास मोजायचे, १ ते ८ ला एक बटण दाबायचं, नवव्याला दुसरं. मोजणी कुठे चुकली ते यंत्र सांगतं.

तुम्ही पहाटे बोटांवर मोजून बघा. नऊ झाले की पुन्हा एकपासून. मोजणी सुटल्याचं लक्षात आलं की वहीत एक रेघ ओढा. सुरुवातीला रेघा वाढतील, घाबरू नका. पुढच्या महिन्यात फॉर्म भराल तेव्हा वाटेल तेच लिहा, गाडीच्या विधानापुढे ‘मी एसटीने जाते’ अशी टीप द्या आणि ही वही वर्ग घेणाऱ्यांना दाखवा.