चार अक्षरांचं नाव

प्रिय बेटा,

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहात, वाचून जीव सुखावला. तुला लांब, लयदार नाव हवं आणि घरचे म्हणतात दोन अक्षरांतच आटप. मला विचारशील तर लांबच ठेव.

मोबाइलवरच्या याद्या चाळत बसू नकोस. दमयंती, लोपामुद्रा, इंदुमती या साऱ्या आपल्या विदर्भाच्याच राजकन्या. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर, वर्धेच्या काठी. आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून लहान मुलाच्या नावानं राज्य चालवणारी वाकाटक राजघराण्यातली प्रभावती. ती सून, पण आपलीच.

मला यांत दमयंती फार आवडते. म्हणून बघ. द, म झटकन जातात, ‘यं’वर आवाज टेकतो आणि शेवटची ‘ती’ हवी तेवढी लांबवता येते. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पार पल्याडच्या ओळीत असली तरी हाक पोचेल. लोपामुद्राही गोड, पण त्यातलं जोडाक्षर म्हाताऱ्या जिभेला जड. म्हणून सासूबाईंना अंगणातून दोन-चारदा हाक मारायला सांग. त्यांच्या तोंडी बसलं की गावाच्या तोंडी बसतं.

घरात दमू, दमे होईलच, होऊ दे. शाळेत मात्र पूर्ण नाव. हजेरीत पूर्ण नाव पुकारलं की पोरगी ताठ उभी राहते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता कागदाचं नीट ऐक. जन्माची नोंद २१ दिवसांत करा; नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. तेव्हा घाई नको. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावापुढं आधी आईचं, मग वडिलांचं नाव, मग आडनाव लागतं. म्हणजे तिच्या नावाला लागून तुझं येणार. चारही सलग मोठ्यानं म्हणून बघ.

दमयंतीच्या इंग्रजी स्पेलिंगात ‘एम’नंतरचा ‘ए’ कुणी लिहितं, कुणी गाळतं. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं, की दहावीचा फॉर्म भरताना चकरा सुरू. बारशाआधीच मराठी-इंग्रजी दोन्ही एका कागदावर ठळक लिहून ठेव. दाखला मिळाला की तिथंच उभी राहून अक्षर न् अक्षर ताडून घे.

घरच्यांशी मात्र वाद घालू नकोस. पाळण्यातलं दोन अक्षरी नाव आत्याबाईंना हौसेनं ठेवू दे, दाखल्यावरचं तू ठरव.

तुझे सर