आदिवासींचा दृष्टिकोन आला, म्हणजे संग्रहालयात नेमके काय बदलते?

संग्रहालये हल्ली आदिवासींचा दृष्टिकोन मांडण्याची भाषा करतात, पण माहितीफलकावरच्या चार नव्या ओळींपलीकडे काही बदलते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, वस्तू दाखवावी की नाही आणि ती कोणाच्या ताब्यात असावी, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाकडे गेला तरच बदलते.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाचे उदाहरण घेऊ. 1884 साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात वस्तू प्रदेशानुसार नव्हे, तर प्रकारानुसार मांडलेल्या आहेत. तिथे ईशान्य भारतातल्या नागा जमातींच्या वस्तूंचा फार मोठा संग्रह असून त्यातला बराचसा भाग हटन आणि मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नागा टेकड्यांत नेमणुकीवर असताना जमवला. (साहेबाने मागितल्यावर नाही म्हणण्याची सोय गावकऱ्यांना कितपत असेल, हे आपणच ताडावे.) ‘मृत शत्रूंना दिलेली वागणूक’ अशा मथळ्याचे एक कपाट तिथे होते आणि त्यात वेगवेगळ्या खंडांतून आणलेली माणसांची मुंडकी एकत्र ठेवलेली असत. ती पाहून प्रेक्षकांना या संस्कृती रानटी आणि भीषण वाटतात, असे संग्रहालयाच्याच पाहणीत दिसून आले, आणि 2020 मध्ये नागा मुंडक्यांसह असे मानवी अवशेष प्रदर्शनातून काढण्यात आले.

कपाट रिकामे करणे त्या मानाने सोपे होते. हे अवशेष परत आणायचे, तर ज्यांच्या गावाची नोंदच नाही ते कोणाच्या हवाली करायचे? बहुसंख्य नागा आज ख्रिस्ती आहेत, मग विधी जुन्या रीतीने करायचा की प्रार्थना म्हणायची? दफन करायचे की जतन? नागा सलोखा मंचाच्या पुढाकाराने, डॉली किकॉन आणि अर्कोटोंग लोंगकुमेर या नागा मानववंशशास्त्रज्ञांच्या सहभागातून, यावर नागा समाजातच चर्चा चालू आहे. 2024 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये शिंगे जोडलेली एक नागा कवटी लिलावाला निघाली, तेव्हा नागालँडचे मुख्यमंत्री नेफिउ रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले आणि ती लिलावातून मागे घेतली गेली. जून 2025 मध्ये नागा प्रतिनिधींनी ऑक्सफर्डला जाऊन पूर्वजांच्या परतीविषयीचे घोषणापत्रही मांडले.

बाहेरच्यांना ही दिरंगाई वाटते. मला तसे वाटत नाही, कारण वरच्या प्रश्नांची उत्तरे संग्रहालयाने परस्पर ठरवून पेट्या रवाना केल्या असत्या, तर तो जुनाच साहेबी कारभार ठरला असता.