‘वेल्श कॉस्च्युम’ : पेहराव की वेशभूषा?

प्रश्न असा आहे : विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फोटो-पोस्टकार्डावर उंच काळ्या टोप्या आणि शाली घेतलेल्या बायका चहा पीत बसल्या आहेत. खाली ‘वेल्श कॉस्च्युम’ असं छापलंय. मराठीत पोशाख म्हणावं, पेहराव की वेशभूषा? आणि वर्णनातला ‘बेडगाऊन’ म्हणजे झोपतानाचा गाऊन का?

मी ‘वेशभूषा’ म्हणेन. ‘पोशाख’ चूक नाही, पण तो नुसते कपडे सांगून थांबतो. आजी रोज नऊवारी नेसायची, तो तिचा पेहराव. नात स्नेहसंमेलनात लावणीसाठी नऊवारी नेसते, ती वेशभूषा. लुगडं तेच असेल, पण नेसण्यामागचं कारण वेगळं.

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये नेमकं हेच झालं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या खेड्यांतल्या बायकांच्या अंगावर लोकरी फ्लॅनेलचे कपडे होते, तो पेहराव. लेडी लॅनोव्हर या तिथल्या जमीनदार घराण्यातल्या बाईंनी १८३४च्या निबंधात या कपड्यांचा पुरस्कार केला आणि हळूहळू ती वेल्सची ओळख ठरली. पण फोटो-पोस्टकार्डांचा जमाना येईपर्यंत ती उंच टोपी रोजच्या वापरातून जवळपास गेली होती. व्हॉस्पर या चित्रकारानं १९०८ साली ‘सेलम’ हे प्रार्थनाघराचं चित्र काढलं, तेव्हा त्याला अशी एकच टोपी मिळाली. चित्रात टोप्या चार दिसतात, कारण तीच टोपी आळीपाळीनं घालून बायका बसल्या! पोस्टकार्डांवरचे चहाचे बेतही असेच फोटोसाठी मांडलेले असत.

म्हणून वेशभूषा. तिला ‘सोंग’ मात्र म्हणू नये. १ मार्चला, म्हणजे वेल्सचे रक्षक संत मानले जाणाऱ्या सेंट डेव्हिडच्या दिवशी, वेल्समधल्या शाळकरी मुली आजही ती अभिमानानं घालतात. आणि एखाद्या कार्डावर बाईनं तान्हं मूल शालीत गुंडाळून अंगाशी धरलेलं असेल, तर तिथे थांबून पाहावं. मूल असं शालीत घ्यायची रीत विसाव्या शतकातही घराघरांत चालू होती. तेवढी शाल पेहरावच.

आता बेडगाऊन. त्याचा झोपेशी संबंध नाही. पुढून उघडा, कामाच्या वेळी घालायचा तो अंगरखा. वेल्श भाषेत ‘बेटगुन’. मराठीत ‘गाऊन’ म्हटलं की घरात घालायची मॅक्सीच डोळ्यांपुढे येते, तेव्हा ‘बेटगुन’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘लोकरी अंगरखा’ अशी फोड करावी. त्याखालच्या ‘पाइस’ला मात्र आपला ‘परकर’ चपखल बसतो.