'हात' झाला की 'डाव' झाला?

प्रश्न असा आला आहे: "मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर राहतो. आम्ही मित्र पोकर शिकतोय. पैसे लावत नाही, राजम्याच्या दाण्यांवर खेळतो. इंग्रजी नियमांत पावलोपावली 'हँड' येतो. घरी गेलो तेव्हा मामाला म्हटलं, 'काल मला चांगला हात आला होता', तर तो हसतच सुटला. हँडला हात म्हणू नये का? आणि फ्लशला रंग म्हणावं, तर आमच्या तीन पत्तीत रंग सिक्वेन्सच्या खाली आणि इथे वर. हे उलटं कसं? ता. क. पत्ते पिसायचे की फेटायचे? रूममध्ये दोन पार्ट्या आहेत."

मामा हसला ते ठीकच झालं. पत्त्यांच्या मराठीत 'हात' हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. मेंढीकोट, जजमेंट, ब्रिज, कोणताही खेळ घ्या. चौघांनी एकेक पान टाकलं, ज्याचं मोठं त्याने चारही ओढली, की त्याचा एक हात झाला. मेंढीकोटात ५२ पानं आणि चार जण, म्हणून तेरा हात. जजमेंटमध्ये तर पहिलं पान पडायच्या आधीच 'किती हात करशील?' असं विचारतात आणि सांगितल्याइतके झाले नाहीत की वहीत भोपळा. म्हणजे आपल्याकडे हात होतो, हात करतात, हात जातो. हात 'येत' नाही. भाच्याच्या वाक्यात क्रियापदच चुकलं, म्हणून मामाच्या कानाला ते खटकलं. पोकरमध्ये कोणी कोणाची पानं ओढत नाही, त्यामुळे मराठी अर्थाने त्या खेळात एकही हात होत नाही.

मग हँडला काय म्हणायचं? इथे एकाच शब्दाला एकच प्रतिशब्द शोधायचा हट्ट सोडावा लागतो, कारण पोकरवाल्यांच्या तोंडी 'हँड' तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो आणि त्या तिन्हींसाठी मराठी खेळणाऱ्यांकडे वेगळी सोय पूर्वीपासून आहे. वाटून आलेली दोन पानं हा एक हँड. त्याला आपण नुसतं 'पानं' म्हणतो: 'पानं बरी आली होती', 'पानंच नाही येऊन राहिली आज'. हातातली दोन आणि मध्ये उघडलेली पाच अशा सातांतून जी उत्तम पाच जमतात, तो दुसरा हँड. इथे तर आपल्याला नामाचीसुद्धा गरज पडत नाही, 'लागणे' पुरतं. 'काय लागलं?' 'दोन जोड्या लागल्या.' रमी खेळणाऱ्यांच्या घरात हे क्रियापद रोज वापरात असतं. आणि पानं वाटल्यापासून मधली दाण्यांची रास कोणीतरी उचलेपर्यंतचा सगळा प्रकार हा तिसरा हँड. तो डाव. 'या डावात मी नव्हतो.' तेव्हा तुम्ही मामाला म्हणायला हवं होतं, 'काल एका डावात पानं साधीच आली होती, पण फुल हाउस लागलं.' यावर तो हसला नसता. त्याने फार तर विचारलं असतं, तंबोला खेळत होतास का?

'पान' या शब्दाची एक नागपुरी गंमत सांगायला हवी. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि हिंदी इथे पाहुणी म्हणून कधीच राहिली नाही. पत्त्यांत तर दोन भाषा एकाच चटईवर बसतात. मराठीत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. हिंदीत हुकूम, पान, ईंट, चिडी. म्हणजे मराठी माणसाला पान म्हणजे कोणताही पत्ता आणि हिंदीवाल्याला पान म्हणजे बदाम. 'हुकूम'चा घोटाळा त्याहून मोठा. मराठीत ज्या रंगाला त्या डावापुरती सत्ता मिळते तो हुकूम, म्हणून तर 'हुकमी एक्का' हा वाक्प्रचार. हिंदीत सत्तेच्या रंगाला तुरुप म्हणतात आणि हुकूम म्हणजे थेट इस्पिक.

मी काही वर्षं वर्धा-नागपूर रोज गाडीने ये-जा करायचो. चौघांच्या गुडघ्यांवर एक बॅग, बॅगेवर पेपर आणि पेपरवर मेंढीकोट. एकदा गोंदियाकडचा नवा गडी बसला. पलीकडच्याने विचारलं, "हुकूम काय हाय?" तर या भल्या माणसाने हातातला इस्पिकचा राजा सगळ्यांना दाखवला! डाव तिथेच मोडला. बुटीबोरी येईपर्यंत भांडण चाललं, आणि दोघंही आपापल्या भाषेत बरोबर होते. तुमच्या हॉस्टेलवर मिश्र मंडळी असणार, म्हणून पहिला पत्ता वाटायच्या आधी कोणती नावं वापरायची ते ठरवा. पोकरमध्ये हुकूम नसतोच, तेवढी एक कटकट कमी. आणि इस्पिक मोठं, किलवर लहान ही आपल्या घरातली उतरंडही तिथे चालत नाही. दोघांना सारखंच लागलं तर रास अर्धी-अर्धी वाटतात.

आता रंग. हा शब्द मी फ्लशसाठी वापरणार नाही, कारण त्याच्यावर आधीच दोन ओझी आहेत. एक म्हणजे लाल-काळा. दुसरं म्हणजे बदाम, चौकट वगैरे चार प्रकार. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पोळ्याच्या दुपारी मोठी माणसं चिंचोक्यांवर तीन पानी, म्हणजे तुमची तीन पत्ती, खेळायची. मला पहिल्यांदा बसू दिलं तेव्हा मी दोन बदाम आणि एक चौकट अशी तीन लाल पानं ऐटीत खाली ठेवली आणि ओरडलो, कलर! आत्या म्हणाली, "लाल म्हणजे कलर नसते बाप्पा. बदामाशी बदाम पाहिजे," आणि माझे चिंचोके पदरात ओढून घेतले. नवशिका हमखास इथेच पडतो. म्हणून तीन पत्तीतला 'कलर' चालतो तसा चालू द्या, पोकरमध्ये 'फ्लश' म्हणा आणि समजावून सांगताना 'एकरंगी पाच पानं' म्हणा. फ्लश शब्दाने संडासाची आठवण होते अशी तक्रार मी ऐकली आहे. तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

उलटापालट का, याचं उत्तर भाषेत नाही, मोजणीत आहे. जे दुर्मीळ ते वरचढ, एक अपवाद सोडला तर एवढाच दोन्ही खेळांचा न्याय आहे. ५२ पत्त्यांतून तीन पानं २२,१०० प्रकारे निघू शकतात. त्यांत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ प्रकारे लागते, प्युअर म्हणजे एकरंगी सिक्वेन्स ४८ (अपवाद तो हाच, तरीही ट्रेलच वर), साधा सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ प्रकारे. तीनच पानं एकरंगी जमवणं सोपं, म्हणून कलर खाली. पाच पानं घेतली की हिशोब २५,९८,९६० वर जातो आणि पाचही एकरंगी जमणं अवघड होऊन बसतं. फ्लशचे प्रकार ५,१०८ आणि स्ट्रेटचे, म्हणजे आपल्या सिक्वेन्सचे, १०,२००. त्यामुळे पोकरमध्ये फ्लश वर चढला. ट्रेलची दशा तर आणखी वाईट. तीन पानीतली महाराणी पोकरमध्ये 'तीन सारखी' होऊन ५४,९१२ प्रकारांसह स्ट्रेटच्याही खाली जाऊन बसते. तीन एक्के आले म्हणून नागपूरकर सगळा राजमा पुढे सरकवतो आणि समोरचा चौकी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी दाखवून सगळा ढीग घेऊन जातो, असं पहिल्या आठवड्यात एकदा तरी होतंच.

पोकरचा पूर्ण क्रम एका दमात: सगळ्यांत वर रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा. मग स्ट्रेट फ्लश, चार सारखी, फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि वर एक जोडी, फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर नुसतं मोठं पान. आकडे आवडणाऱ्यांसाठी एक योगायोग: पाच पानांत फुल हाउस ३,७४४ प्रकारे लागतं आणि तीन पानांत साधी जोडीही बरोबर ३,७४४ प्रकारेच. आणखी एक खोच. आपल्याकडे बहुतेक घरांत एक्का-दुर्री-तिर्री हा दोन नंबरचा सिक्वेन्स मानतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा स्ट्रेट सगळ्यांत खालचा.

शब्द सारखा आणि अर्थ वेगळा अशी सगळ्यांत फसवी जागा 'ब्लाइंड'ची आहे. तीन पानीत ब्लाइंड ही मर्जी असते: पानं न बघता चाल द्यायची आणि बघून खेळणाऱ्याला दुप्पट मोजायला लावायचं. पोकरमध्ये ती सक्ती आहे. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं यायच्या आधीच ठरलेली रक्कम मध्ये टाकायची, दुसऱ्याने बहुधा पहिल्याच्या दुप्पट. म्हणजे पोकरची ब्लाइंड ही आपल्या ब्लाइंडची कोणी लागत नाही. ती आपल्या 'बूट'ची, म्हणजे डाव सुरू होताना मध्ये टाकायच्या रकमेची, बहीण. बूट सगळे देतात आणि ही दोघांनाच द्यावी लागते, इतकाच फरक.

'चेक'ला 'पास' म्हणायची सवयही लागते आहे, ती मोडा. ज्याला पुढे खेळायचं नाही तो तीन पानीत पॅक होतो आणि पोकरमध्ये 'फोल्ड' करतो. तिथे खुशाल 'पॅक' म्हणा, अर्थ तोच. 'पानं टाकली' म्हणू नका, त्याचा अर्थ खेळलो असाही होतो. पण चेक करणारा डावात असतो. कोणी वाढवलं नसेल तर काही न टाकता पाळी पुढे ढकलणं म्हणजे चेक. त्याला पास म्हटलं की शेजारच्याला वाटतं हा गेला, आणि तो याची पानं गोळा करायला लागतो.

'ब्लफ'साठी लोक 'थाप' सुचवतात. मला पटत नाही. थाप मारायला तोंड लागतं. खो-खोत पळणारा एका बाजूला झुकतो आणि दुसरीकडून निसटतो, त्याला आपण हूल म्हणतो. पोकरमध्येही कोणी काही बोलत नाही, फक्त नको तेवढे दाणे पुढे सरकवतो. ती हूलच. 'त्याने हूल दिली आणि मी पॅक झालो' हे किती साफ वाटतं बघा. तसंच खेळवणारा प्रत्येक राशीतून जो हिस्सा कापतो, त्या 'रेक'ला नवा शब्द नको. आपल्या अड्ड्यांवर त्याला पूर्वापार 'नाल' म्हणतात. अर्थात हा शब्द शिकून अड्डा शोधायला निघू नका. नाल घेऊन पत्ते खेळवणं १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात बसतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात '५२ तास पत्त्यांवर हारजीतचा जुगार' अशी बातमी येते. पुण्याकडच्या वाचकाला वाटतं हे लोक दोन दिवस न उठता खेळत होते. तो तास घड्याळाचा नाही, हिंदीतला ताश आहे.

टेबलावरच्या रीतींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिथेही मराठी तोंडात तयार आहे. रक्कम एका दमात सांगायची. 'हे पाच... आणि वर आणखी दहा' असं हप्त्याने वाढवलं तर पहिले पाचच धरतात. पाळी येण्याआधी पॅक व्हायचं नाही, कारण मागच्याला फुकट बातमी मिळते. पॅक झाल्यावर पानं उपडी सरकवायची आणि डाव संपेपर्यंत आपल्याकडे काय होतं ते सांगायचं नाही. मागे उभं राहून 'वाढव ना बे' म्हणणाऱ्याला चहा आणायला पाठवावं. आणि जिंकणारी पानं हातात असताना मुद्दाम वेळ लावून दाखवण्याचा जो प्रकार पोकरमध्ये हलकटपणा समजतात, त्याला मांजर उंदराला करतं तेच क्रियापद लावा: खेळवणं.

राहिली तुमची ता. क. 'पिसणे' हे सगळीकडचं मराठी, 'फेटणे' हिंदीतून नागपुरात रुळलेलं. आमच्या घरी आत्या पिसायची आणि तिचे यजमान फेटायचे, पत्ते दोन्हीकडून सारखेच मिसळायचे. मी नागपुरात फेटतो आणि पुण्यात गेलो की पिसतो, नाहीतर तिथे लोकांना अंड्याची आठवण होते. रूममधल्या दोन्ही पार्ट्यांना चालू द्या. फक्त काटायला गड्डी उजवीकडच्याला द्या, आणि पुढच्या वेळी मामा आला की त्यालाही मूठभर राजमा देऊन बसवा.