नवीन घरात राहायला आलोय. रिकाम्या फ्रिजमध्ये सुरुवातीला काय काय भरावं?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, भाड्याचं घर आहे, फ्रिज आजच टेम्पोतून आला आणि येत्या शनिवारी एकदाच जाऊन सगळं भरून टाकायचंय, म्हणून यादी हवी आहे. यादी देतो, पण शनिवारचा तो बेत आधी रद्द करा.

माझी नोकरी बँकेतली, बदलीची. नांदेड, रत्नागिरी आणि आता पुणे, असं तीनदा बिऱ्हाड मांडून झालंय. नांदेडला एकटाच होतो. पहिल्याच रविवारी उत्साहाने दोन पिशव्या भरून भाजी आणली. पालक, मेथी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, दोन किलो टोमॅटो, शिवाय चीज आणि मेयोनीजची बाटली, जी त्याआधी मी आयुष्यात कधी विकत घेतली नव्हती. फ्रिज उघडला की जाहिरातीतल्यासारखा दिसायचा. गुरुवारपर्यंत मेथीचा चिखल झाला आणि मी चारही रात्री खिचडी खाल्ली. तीही बेचव, कारण खिचडीला लागणारं आलं, मिरची, कोथिंबीर, लिंबू यातलं काहीच आणलं नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. ज्या वस्तूंकडे रोज हात जातो त्या आधी, भाज्या त्यानंतर आणि दोन-तीन दिवसांच्याच. हौसेच्या बाटल्या महिनाभराने. तोवर त्यांची आठवण राहिलीच तर आणायच्या.

फ्रिज टेम्पोतून आडवा आला असेल तर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं, ते परत खाली यायला वेळ लागतो. उभाच आणला असेल तर चार-पाच तास, आडवा आणला असेल तर मी पूर्ण दिवस थांबतो. तेवढ्या वेळात खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आतून पुसून घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा. आणि आतलं बटण नीट बघा. साध्या एकदारी फ्रिजवर 1 ते 7 असे आकडे असतात ना, ते तापमान नव्हे. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा तितकं गार जास्त. माझ्या सासऱ्यांनी दोन उन्हाळे तो 1 वर ठेवला होता, 'एक डिग्री' समजून, आणि दूध नासतं म्हणून दूधवाल्याला बोल लावत होते. आत साधारण 4 अंश सेल्सिअस आणि फ्रीझरमध्ये उणे 18 असावं.

आता पहिली वस्तू. नव्या घरात दूध उतू घालवलंत की नाही? घालवलं असेल तर पातेल्यात उरलेल्या दुधापासूनच सुरुवात करा. अर्धा लिटर दूध बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की त्यात चमचाभर विरजण. विरजण दुकानातल्या दह्याचंही चालतं, पण मी म्हणेन शेजारी मागा. रत्नागिरीत गेलो त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंकडून त्यांच्याच वाटीत विरजण आणलं होतं. विरजणासोबत पाणी किती वाजता येतं, मासेवाली कुठल्या वेळेला येते, वाण्याकडचा रवा कोणता घेऊ नये, एवढं सगळं दहा मिनिटांत कळलं. दही उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, थंडीत रात्रभर. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर आंबट होतं. आणि संपायच्या आत पुढच्यासाठी चमचाभर बाजूला काढायचं, हे दोघांपैकी एकाने आपल्याकडे घ्या. 'तू काढलं असशील' असं म्हणत आमच्याकडे दोनदा विरजण संपलंय.

दूध तुम्हाला दोघांना रोज अर्धा-पाऊण लिटर पुरेल. साय धरायची असेल तर फुल क्रीमची पिशवी घ्या, तिच्यात 6 टक्के स्निग्धांश असतो. टोन्डमध्ये 3 टक्केच, त्यावर साय म्हणजे पापुद्रा. साय एका झाकणाच्या डब्यात आठ दिवस साठवली की लोणी, आणि मग घरचं तूप. नोकरी सांभाळून हे जमलं नाही तरी काही बिघडत नाही, तूप विकत मिळतं. फक्त दुधाचं पातेलं किंवा पिशवी दाराच्या कप्प्यात ठेवू नका. दार सारखं उघडतं, तो भाग सगळ्यात कमी गार. तिथे पाणी, सॉस, लोणच्याची बरणी.

पहिल्या फेरीत आणायचं ते एवढंच: आलं छटाकभर, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची एक जुडी, कढीपत्ता, पाच-सहा लिंबं, एक नारळ, अर्धा किलो टोमॅटो, आणि दोन भाज्या. दोनच. त्यातली एक पालेभाजी असेल तर ती त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी संपवायची, दुसरी कोबी किंवा दुधीसारखी चार दिवस दम धरणारी. अंडी खात असाल तर सहा.

यात खरी मेहनत आणल्यानंतरची आहे, आणि ती टाळली तर आणलेलं सगळं वाया जातं. कोथिंबीर धुऊन ठेवू नका. मुळं कापा, पिवळी पानं काढा, जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. आठवडाभर तरी आरामात राहते. मिरच्यांचे देठ काढा, डब्याच्या तळाशी कोरडा कागद, वर मिरच्या. देठाकडूनच त्या आधी सडतात. एक सडकी निघाली की तिला लगेच काढा. नारळ फोडला की त्याच दिवशी खवून फ्रीझरमध्ये टाका, पण एका गोळ्यात नको, लहान लहान पुड्या करा. नाहीतर आमटीत चमचाभर खोबरं घालायला रात्री नऊ वाजता सुरीने दगड फोडत बसावं लागतं. हे अनुभवाने सांगतोय, अंगठ्यावर खूण आहे.

फ्रीझर पहिले काही महिने जवळजवळ रिकामाच राहील. राहू दे. पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा, अगदी काठोकाठ न भरता. नांदेडच्या उन्हाळ्यात वीज गेली की त्याच उपयोगी पडायच्या. दार न उघडता फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, बर्फ असेल तर थोडा जास्त. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाला की दोन-तीन किलो सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून, गार करून, कोरडा करून भरा. अळूवडीचे वाफवलेले उंडेही तिथे छान राहतात.

काय ठेवायचं नाही? कांदे-बटाटे बाहेर, आणि तेही वेगवेगळ्या टोपल्यांत. बटाटा गारठ्यात गोडसर होतो, तळला की काळपट पडतो. केळी काळी पडतात. लसूण बाहेरच बरा. मध घट्ट होतो. टोमॅटो कडक असतील तर ओट्यावर राहू द्या, पिकले की आत. आणि कापलेला अर्धा कांदा उघडा ठेवाल तर सकाळी दुधाच्या चहाला त्याचा वास. रत्नागिरीत एकदा फणसाचे गरे झाकण न लावता ठेवले होते. पुढचा आठवडाभर लोणी, दही, अगदी बर्फसुद्धा फणसाचा.

रत्नागिरीवरूनच आठवलं. पावसाळ्यात रवा, शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं हे फ्रिजमध्येच ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात. बाहेर रव्याला जाळी धरते, पोरकिडे होतात, कुटाला खवट वास येतो. पुण्यात इतकं होत नाही, पण जुलैत मी धोका घेत नाही.

शिजलेल्या अन्नाचं एकच सांगतो, कारण दोघं नोकरी करता म्हणजे उरलेलं ठेवणारच. भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा करायची सवय आपल्या सगळ्यांची. माझीही होती. भातात असे जिवाणू असतात जे शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, आणि ते जे विष तयार करतात ते पुन्हा परतूनही जात नाही. म्हणून दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात गार करून आत ठेवा. कणीक उरली तर तेलाचा हात लावून डब्यात, दुसऱ्या दिवशी संपवा. त्यानंतर ती काळपट पडते आणि पोळ्या वातड होतात. या सगळ्या तयारीचा उपयोग हा: संध्याकाळी दमून आलात की मळलेली कणीक, दही, मिरची, कोथिंबीर आणि खोबरं समोर असलं तर पाऊण तासात जेवण होतं. फक्त ढोबळी मिरची आणि मेयोनीज समोर असलं तर मोबाईल हातात घेऊन बाहेरून मागवलं जातं. नांदेडच्या त्या आठवड्यात तेवढीही सोय नव्हती, म्हणून खिचडी.

दर बुधवारी फ्रिज उघडून बघा, काय शिल्लक आहे. त्यावरून गुरुवारची भाजी ठरवा आणि मगच पुढची खरेदी. दोन-तीन आठवड्यांत तुमची यादी तुम्हालाच कळेल. ती माझ्यापेक्षा वेगळी असेल, कारण तुमच्याकडे कदाचित पोहे कमी आणि डोसे जास्त होत असतील. तसं असेल तर मधल्या कप्प्यात पिठाच्या पातेल्याची जागा आत्ताच मोकळी सोडा, आणि ते अर्धंच भरा. फ्रिजमध्येही पीठ हळूहळू फुगतंच, हे आमच्या खालच्या भाजीच्या कप्प्याने शिकवलं.

आणि हो, शेजाऱ्यांची विरजणाची वाटी रिकामी परत देऊ नका. काकूंची वाटी मी चार लिंबं घालून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती सोलकढी भरून परत आली.